उपनगरातला शेजार

विलेपार्ल्यातील एखाद्या जुन्या गृहस्थांना फोर्टात किंवा गिरगावात काही काम निघाले, तर ते घरातून बाहेर पडताना अजूनही ‘जरा मुंबईला जाऊन येतो’ असे सांगून जातात. पार्ल्यासह जवळची उपनगरे १९५० साली मुंबई महापालिकेच्या हद्दीत आली, या गोष्टीला पाऊणशे वर्षे होऊन गेली. तरी ती हद्द या गृहस्थांच्या बोलण्यात अद्याप दाखल झालेली नाही. सरकारी दफ्तरही याबाबतीत काहीसे त्यांच्याच बाजूचे म्हणावे लागेल. ठाणे जिल्ह्यातून साष्टीचा दक्षिण भाग काढून १९२० साली मुंबई उपनगर हा निराळा जिल्हा करण्यात आला, पुढे तो बृहन्मुंबईत मिसळला गेला, आणि १९९० साली पुन्हा वेगळा काढण्यात आला. महापालिका एक आणि जिल्हाधिकारी दोन, अशी ही व्यवस्था आहे. आणि उपनगरात राहणाऱ्या माणसाच्या मनाची रचनाही पुष्कळशी अशीच असते. पोटासाठी तो शहराचा असतो, पण घराचा पत्ता सांगताना मात्र तो पार्ल्याचा, मुलुंडचा किंवा बोरिवलीचा असतो.

हे पार्ल्याचे किंवा बोरिवलीचे असणे म्हणजे नेमके काय, याचा विचार करू लागलो की शेजाराची आठवण प्रथम येते. गावात शेजार पिढ्यान्‌पिढ्यांचा, शेताच्या बांधाइतकाच जुना असतो. चाळीत सामाईक गॅलरी आणि सामाईक नळ यांमुळे तो टाळू म्हटले तरी टळत नाही. उपनगरातील माणूस मात्र कोकणातून, देशावरून, नाहीतर गिरगावातल्या दोन खोल्यांतून आलेला असतो. त्याच्या दाराला स्वतंत्र कडी असते, नळ घरात असतो, आणि समोरच्या बिऱ्हाडाशी त्याचे ना गोत्र जुळत ना गाव. म्हणून तेथे शेजार हा आपणहून लाभत नाही, तो कमवावा लागतो. आणि उपनगरांचा जो काही चांगला इतिहास आहे, तो या कमाईचाच इतिहास आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

ही वस्ती मुळात उभी राहिली ती भीतीतून. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, दाट वस्तीच्या अंधाऱ्या चाळींनी त्याला थारा दिला, आणि त्या धड्यातून १८९८ साली स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंग्याकडे रुंद रस्त्यांच्या, झाडांच्या आणि मोकळ्या अंगणांच्या वसाहती आखल्या. त्यापलीकडे साष्टीत ट्रस्ट नव्हता. तेथे भातखाचरे होती, वाड्या होत्या, आणि कोळी, आगरी व ईस्ट इंडियन लोकांची जुनी गावठाणे होती. रेल्वे मात्र १८६७ पासूनच विरारपर्यंत धावत होती, आणि १९२८ साली कुलाबा ते बोरिवली विजेच्या गाड्या सुरू झाल्यावर कचेरीत नोकरी करून प्राजक्ताच्या झाडाखाली राहण्याची हौस मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. मामलेदाराच्या कचेरीत बिनशेती परवान्याचे अर्ज पडू लागले, मोजणीदाराच्या साखळ्या खाचरांतून फिरू लागल्या, आणि पाहता पाहता सातबाऱ्यावरच्या भाताची जागा कौलारू बंगल्यांनी घेतली. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी जागच्या जागी गोठली, भाड्यासाठी चाळ बांधण्यात कोणालाच स्वारस्य उरले नाही, आणि स्वतःच्या मालकीचे घर हवे तर उपनगराची वाट धरण्यावाचून साध्या पगारदाराला गत्यंतर राहिले नाही.

अशा रीतीने एकमेकांना अपरिचित असलेली माणसे एका ठिकाणी आली खरी. पण त्यांना एकत्र बांधणारे ग्रामदैवत नव्हते, जत्रा नव्हती, की पाटलाची ओसरी नव्हती. जे नव्हते ते त्यांनी वर्गणी काढून उभे केले. लोकमान्यांचे निधन १९२० सालचे. त्यानंतर १९२१ साली पार्ले टिळक विद्यालय आणि १९२३ साली लोकमान्य सेवा संघ पार्ल्यात स्थापन झाले. ज्या वस्तीत सगळे रस्ते अजून धड पक्के झालेले नव्हते, तेथे शाळा, वाचनालय आणि व्याख्यानाची सोय आधी झाली, ही गोष्ट त्या पिढीच्या गरजांचा अनुक्रम सांगून जाते. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात जमनालाल बजाजांच्या नेतृत्वाखाली पार्ल्यात सत्याग्रहींची छावणी पडली. पु. ल. देशपांडे याच टिळक विद्यालयाचे विद्यार्थी. वस्तीतील कार्यक्रमांसाठी खुर्च्या मांडणारा, सतरंज्या घालणारा आणि शेवटी आभार मानणारा असा जो कार्यकर्ता मराठी उपनगरांनी घडवला, त्याला मानधन कधी नव्हते, आणि त्याची अपेक्षाही नव्हती.

बंगल्यांच्या मागून तीन मजल्यांच्या, लिफ्ट नसलेल्या इमारती आल्या आणि त्यांच्याबरोबर ‘सोसायटी’ हा शब्द मराठीत कायमचा वस्तीला आला. सहकारी गृहनिर्माणाची कल्पना तशी जुनीच. रावबहादुर तालमकी यांच्या खटपटीने गावदेवीला १९१५ साली सारस्वत मंडळींची पहिली संस्था उभी राहिली होती. ‘मातृस्मृती’, ‘श्रमसाफल्य’ अशी नावे धारण करणाऱ्या या इमारतींच्या जिन्यात एक अलिखित संहिता पाळली जाई. बाहेर जाताना किल्ली समोरच्या घरी ठेवायची. कामावर गेलेल्याचा गॅसचा सिलिंडर शेजाऱ्याने पैसे भरून उतरवून घ्यायचा. आणि साऱ्या इमारतीत टेलिफोन एकाच घरी असला, तर बाकीच्या साऱ्यांनी तोच क्रमांक पुढे ‘पी.पी.’ अशी अक्षरे लावून आपापल्या कार्डावर खुशाल छापायचा. रात्री साडेदहा वाजता दुसऱ्याच्या घरची तार-खबर ऐकून तिसऱ्या मजल्यापर्यंत हाक मारायला जाणारा तो टेलिफोनधारक गृहस्थ, सेवावृत्तीने नव्हे तर केवळ नाइलाजाने का होईना, शेजारधर्माचा मोठा आधारस्तंभ होता.

या जीवनाला दुसरी बाजूही आहे आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. जी नजर आजारी म्हाताऱ्याची विचारपूस करते, तीच नजर कोणाची मुलगी किती वाजता घरी आली याचाही हिशेब ठेवते. भाडेकरूची जात, आहार आणि धर्म विचारून मगच घर दाखवणाऱ्या सोसायट्या कमी नाहीत. ज्यांच्या शेतांवर ही घरे उभी राहिली ते मूळचे लोक गावठाणाच्या अरुंद बोळांत आक्रसून राहिले; आणि ज्या बाई सकाळी साडेसहाला येऊन चार घरची धुणीभांडी करतात, त्या विमानतळाच्या कुंपणालगतच्या झोपडपट्टीतून आलेल्या असतात, हे ठाऊक असूनही त्यांचे आडनाव किती घरांत माहीत असते, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारण्यासारखा आहे. आपण कमावलेल्या शेजाराचे वर्तुळ पुष्कळदा फाटकापाशीच संपले.

तरीही ही कमाई खोटी नव्हती, याचा पुरावा २६ जुलै २००५ रोजी मिळाला. सांताक्रूझच्या वेधशाळेत त्या एका दिवसात ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. गाड्या थांबल्या, दिवे गेले, तळमजले पाण्याखाली गेले. त्या रात्री वर्षानुवर्षे पार्किंगवरून भांडत आलेल्या माणसांनी एकमेकांची म्हातारी माणसे हात धरून वरच्या मजल्यावर नेली, आणि रस्त्याने चालत निघालेल्या अनोळखी लोकांना चहा-बिस्किटे दिली. त्या रात्री कोणी कोणाला सोसायटीचे नियम दाखवले नाहीत.

आता त्याच इमारतींना पुनर्विकासाचे वेध लागले आहेत. चटईक्षेत्राचा भाव वाढला, बांधकामे जुनी झाली, गुडघे दुखणाऱ्यांना तीन जिने चढवेनात. तेव्हा टॉवर होणे अटळ आहे आणि त्याबद्दल गळा काढण्याचे कारण नाही. पार्ल्यात तर विमानांच्या वाटेमुळे इमारतींच्या उंचीवर मर्यादा येते, म्हणून अनेक प्रस्ताव वर्षानुवर्षे अडून बसले आणि घरांतील छताची पोपडी पडत राहिली. काही ठिकाणी जमिनीची मालकी आजही विकासकाच्या नावावर आहे. १९६३ च्या मालकी सदनिका कायद्याने जे अभिहस्तांतरण त्याने आपणहून करून द्यायचे, ते त्याने केले नाही म्हणून २००८ साली ‘मानीव अभिहस्तांतरणा’ची तरतूद करावी लागली. पण कागदपत्रांची ही लढाई जिंकून, नव्या इमारतीत दोन खोल्या वाढवून मिळाल्यावरही एक गोष्ट करारनाम्यात कोठेच लिहिलेली नसते. ती म्हणजे विसाव्या मजल्यावर किल्ली कोणाकडे ठेवायची. लिफ्टमध्ये माणसे मोबाइलकडे पाहत उभी असतात, सूचना व्हॉट्सॲपवर येतात, आणि समोरच्या घरातील मृत्यूची वार्ताही कित्येकदा तेथेच, हात जोडलेल्या चित्रांच्या रांगेतून कळते.

भिंती नव्या झाल्या म्हणून शेजार नाहीसा होतो असे नव्हे; कमावलेली वस्तू प्रत्येक पिढीला नव्याने कमवावी लागते, इतकेच. त्याची सुरुवात कोठून करावी, असे कोणी विचारले तर एक अगदी रुक्ष उपाय सुचवावासा वाटतो. सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या नोटिशीत तळाशी एक ओळ असते: गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास ती अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात येईल, आणि त्या सभेस गणसंख्येची आवश्यकता राहणार नाही. बहुतेक सोसायट्यांचा कारभार या तहकूब सभेतच, सात-आठ माणसांच्या सहीने चालतो. यंदा वाचकांनी पहिल्या सभेलाच, ठरल्या वेळी, खाली उतरावे. आणि शेजारच्या दारावर टकटक करून शेजाऱ्यालाही बरोबर घ्यावे.