शाळेच्या दारातील निरोप

जूनच्या मध्यास आपल्या शाळा उघडतात आणि त्याच सुमारास खरिपाच्या पेरण्याही सुरू होतात. या योगामुळे उद्भवणारी अडचण श्रीरामपूर तालुक्यातील प्रत्येक शिक्षकाच्या परिचयाची आहे. पहिलीत नुकतेच दाखल झालेले मूल आईचा पदर घट्ट धरून शाळेच्या दारात रडत उभे असते. आईला वेळेत शेतावर पोहोचावयाचे असते. उशीर झाला तर दिवसाची मजुरी बुडते. इकडे परिपाठाची वेळ झालेली असते. अशा प्रसंगी सर्वांना सुचणारा एक सोपा उपाय आहे. मुलाचे लक्ष दुसरीकडे वळवावे आणि आईने हळूच निघून जावे. हा उपाय सोपा असला तरी हितकर नाही. तो का हितकर नाही आणि त्याऐवजी काय करावे, एवढेच या लेखात सांगावयाचे आहे.

प्रथम मुलाच्या रडण्याचा अर्थ लक्षात घेऊ. आपल्या तालुक्यात बरीच कुटुंबे गावठाणापासून दूर, शेतातील वस्तीवर राहतात. वस्तीवरच्या मुलाने सहा वर्षांत घरची माणसे, चुलत भावंडे, शेळ्या आणि कुत्री एवढाच परिवार पाहिलेला असतो. त्याला पंचवीस-तीस अनोळखी मुलांचा गलबला, बाकांची रांग, फळा, घंटा आणि परके मोठे माणूस या सर्वांना एकाच सकाळी सामोरे जावे लागते. अंगणवाडीत गेलेल्या मुलालाही इमारत नवी, बाई नव्या आणि बसण्याचे तास अधिक. त्यातून घरी पुष्कळदा 'शाळेत घालीन, मग गुरुजी बघतील तुझ्याकडे' असा धाक पूर्वीच घातलेला असतो. अशा स्थितीत आईला धरून ठेवणे हा हट्ट नव्हे. परक्या जागी ओळखीच्या माणसाचा आधार शोधणे ही बालमनाची निरोगी प्रवृत्ती आहे.

याबाबत स्वतःची एक चूक सांगणे मला आवश्यक वाटते. काही वर्षांपूर्वी मी एका वस्तीशाळेत पहिलीचा वर्ग घेत असे. एक मुलगी फार रडे. तिची आई खुरपणीच्या कामावर जाणारी. मीच तिला म्हणालो, "बाई, पोरीचे ध्यान नसताना निघून जात जा." तिने तसे केले. मुलगी काही वेळाने शांत झाली आणि मला माझ्या युक्तीचे कौतुक वाटले. परंतु दुसऱ्या दिवसापासून ती वर्गात येऊन बसेना. दप्तर पोटाशी धरून दाराजवळच बसू लागली. चार दिवसांनी तिची आई आली व म्हणाली, "गुरुजी, आता ही मला आडावरसुद्धा जाऊ देत नाही. रात्री उठून मी आहे का ते चाचपून बघते." त्या माउलीचे दोन दिवसांचे काम बुडाले होते. मुलीला शाळेची भीती होतीच. तिच्यात आई केव्हाही नाहीशी होऊ शकते या भीतीची भर मी घातली होती.

त्यानंतर आम्ही दोघांनी रीत बदलली. आई मुलीला स्पष्ट सांगू लागली, "मी आता शेतावर जाते. तुम्ही खिचडी खाऊन हात धुतले, की मी दारात असेन." जाताना भाकरी बांधण्याचे आपले फडके ती मुलीच्या हाती ठेवी. आईचे फडके आपल्याजवळ आहे, तेव्हा ते न्यायला ती येणारच, हे मुलीला पटले. आई पहिले काही दिवस खरोखरच दुपारच्या सुट्टीत येऊन जाई. पहिल्या दिवशी मुलगी रडली, दुसऱ्या दिवशीही रडली. आठवडा उलटल्यावर फडके दप्तरात राहू लागले आणि पुढे घरीच राहिले.

येथे आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधावयाचे आहे. मूल गप्प बसले म्हणजे ते रुळले असे समजू नये. इंग्लंडमध्ये जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ साली, रुग्णालयात एकटी ठेवलेल्या दोन वर्षांच्या मुलीवर एक बोधपट तयार केला. आईवाचून राहणारी मुले प्रथम आक्रोश करतात, पुढे निमूट होतात, आणि परिचारिका त्यालाच 'मूल रुळले' असे म्हणतात; प्रत्यक्षात ते मूल खचलेले असते, असे त्यांनी दाखवून दिले. त्या काळी तेथील रुग्णालयांत पालकांच्या भेटीवर कडक निर्बंध असत. १९५९ साली तेथील शासकीय समितीने पालकांना मुलांना भेटू द्यावे अशी शिफारस केली. रुग्णालय आणि शाळा यांत अंतर आहे, आणि सहा वर्षांचे मूल दोन वर्षांच्या मुलापेक्षा अधिक समजूतदार असते, हे खरे. तरी धडा आपणांसही लागू आहे. रुळलेले मूल खेळते, खाते, बोलते आणि प्रसंगी भांडतेही. कोपऱ्यात निमूट बसणाऱ्या मुलाकडे रडणाऱ्या मुलाइतकेच लक्ष द्यावे.

महाराष्ट्रात या विचाराची परंपरा जुनी आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम आरंभिले. वस्तीतील मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसताच त्यांनी मुलांना दोष दिला नाही. त्यांच्या अंगणातच बालवाडी नेली. त्यातून 'अंगणवाडी' ही कल्पना रूढ झाली, आणि १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेमुळे तो शब्द देशभर पोहोचला. पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळाही चालविली. मुलाने शाळेकडे चार पावले यावे, यासाठी शाळेने मुलाकडे दोन पावले आधी टाकावीत, हे त्यांच्या कार्याचे सार आहे.

आता प्रत्यक्ष काय करावे ते पाहू.

शाळा उघडण्यापूर्वी : २०२२ सालापासून राज्यात शाळापूर्व तयारीचे मेळावे सुरू झाले. मेळाव्यात मुलांची नोंद झाली, एवढ्यावर समाधान मानू नये. पालकांसमवेत मुलाला वर्ग, पाण्याचा नळ आणि विशेषतः स्वच्छतागृह दाखवावे. 'मला जायचे आहे' हे कोणास आणि कसे सांगावे, हे न कळल्यामुळे अनेक मुले शाळेस भितात. घरी मुलाला कोणत्या नावाने हाक मारतात ते विचारून ठेवावे. गुरुजींचा धाक घालू नये, असे पालकांना आवर्जून सांगावे. २००९ च्या शिक्षण हक्क अधिनियमाच्या कलम १७ अन्वये मुलास शारीरिक शिक्षा करण्यास अथवा मानसिक त्रास देण्यास मनाई आहे, हेही त्यांना कळू द्यावे.

पहिल्या दिवशी : प्रवेशोत्सव अवश्य करावा, परंतु वाद्यांच्या गजराने एखादे मूल बिचकत असेल तर त्यास मिरवणुकीत ओढू नये. निरोपाचे नियम पालकांना समजावून द्यावेत. जाताना मुलाला सांगून जावे. निरोप थोडक्यात घ्यावा. पुनःपुन्हा मागे वळून येऊ नये. सांगितलेल्या वेळी अवश्य यावे. लहान मुलास घड्याळ समजत नाही, म्हणून वेळ 'खिचडीनंतर', 'शेवटच्या घंटेला' अशा शब्दांत सांगावी. आईला येणे शक्य नसेल तर आजी, आजोबा किंवा वरच्या वर्गातील भावंड यांचे नाव सांगावे. खोटे आश्वासन मात्र कोणीही देऊ नये. आई निघताच शिक्षकाने मुलाचा हात धरावा आणि खडू आणणे, रोपाला पाणी घालणे असे लहानसे काम त्याच्याकडे सोपवावे.

पहिल्या पंधरवड्यात : ज्या पालकांना शक्य आहे त्यांना आरंभी थोडा वेळ वर्गात भिंतीशी बसू द्यावे व ती वेळ रोज कमी करीत न्यावी. त्याच वस्तीवरील मोठ्या मुलाची जोडी लावून द्यावी. मूल घरच्या बोलीत बोलले तर हसू नये, इतरांनाही हसू देऊ नये. रडणाऱ्या मुलास 'एवढा मोठा झालास आणि रडतोस?' असे म्हणण्याऐवजी 'आईची आठवण येते ना? खिचडी झाली की ती येणार आहे,' असे म्हणावे. सोमवारी किंवा सणाच्या सुट्टीनंतर रडे पुन्हा उद्भवते. त्यात काळजीचे कारण नाही. महिना उलटूनही मूल जेवत नसेल, कोणाशी बोलत नसेल, किंवा शाळेच्या वेळी रोज पोट दुखते म्हणत असेल, तर मात्र कारण शोधावे. कोणी मारते काय, फळा नीट दिसतो काय, ऐकू येते काय, हे पाहावे व गरज भासल्यास आरोग्य तपासणी पथकास दाखवावे.

पेरणीच्या दिवसांत आई-वडिलांना आठवडाभर शाळेत बसणे परवडणार नाही, याची मला जाणीव आहे. वर सांगितलेल्या निरोपास पाच मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही. आईने दिलेला शब्द पाळला गेला की मुलाचा तिच्यावरील विश्वास कायम राहतो, आणि ज्या शाळेच्या दारात तो शब्द पाळला गेला त्या शाळेवरही मूल विश्वास ठेवू लागते. यंदा पहिलीच्या हजेरीपटावर नावे चढविताना प्रत्येक नावापुढे, ते मूल घरी नेण्यास कोण व केव्हा येणार, ही नोंद शिक्षकांनी वहीत करून ठेवावी, आणि सांगितलेले माणूस येईपर्यंत मुलाजवळ थांबावे.