तीन बोटांचे माप: तोंड आणि जबड्याच्या आजारांचे निदान व उपचार

तोंडाचे आजार एका बाबतीत इतर आजारांहून वेगळे आहेत: ते दिसतात. पोटातली गाठ शोधायला सोनोग्राफी लागते, हृदयाचा दोष कळायला ईसीजी काढावा लागतो. गालाच्या आतला चट्टा किंवा जिभेच्या कडेची जखम मात्र चांगला उजेड, छोटा आरसा आणि हातमोजे घातलेली दोन बोटे एवढ्यावर सापडते. तरीही भारतात तोंडाच्या कर्करोगाचे निम्म्याहून अधिक रुग्ण आजार बराच पुढे गेल्यावर डॉक्टरांपर्यंत पोहोचतात. परभणीसारख्या शेतीप्रधान जिल्ह्यात पेरणी, वेचणी आणि मजुरीच्या दिवसांत ‘तोंड आलंय, बसेल आपोआप’ म्हणून दुखणे मागे टाकले जाते. आजाराइतकाच हा उशीरही रुग्णाला भोवतो.

या भागातील आजारांचे ढोबळमानाने चार गट पडतात. पहिला गट दात आणि हिरड्यांच्या संसर्गाचा असून त्यातूनच जबड्यात पू होतो. दुसऱ्या गटात तोंडाच्या अस्तराचे आजार येतात: साधे तोंड येण्यापासून पांढरे-लाल चट्टे, तोंड आखडणे आणि कर्करोगापर्यंत. जबड्याच्या हाडातील गाठी व पुटके हा तिसरा गट. जबड्याचा सांधा, चेहऱ्याच्या नसा आणि अपघातातील अस्थिभंग मिळून चौथा गट होतो.

तपासणीचा क्रम

तपासणीची सुरुवात प्रश्नांनी होते. दुखणे किती दिवसांचे, तिखट लागते का, घास गिळताना अडतो का, मधुमेह आहे का. तंबाखू खाणाऱ्याला आणखी एक प्रश्न हमखास विचारला जातो: पुडी कोणत्या बाजूला धरता? चट्टा बहुधा त्याच गालात किंवा खालच्या ओठाच्या त्याच खोबणीत उमटतो. मिश्री लावणाऱ्या स्त्रिया ‘आम्ही तंबाखू खात नाही’ असे सांगतात आणि ते त्यांना मनापासून वाटतही असते. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, म्हणून तिच्याबद्दल वेगळे विचारावे लागते.

मग चेहरा बाहेरून पाहिला जातो. दोन्ही बाजू सारख्या आहेत का, जबड्याखाली आणि मानेत गाठी लागतात का, कानापुढच्या सांध्यात आवाज येतो का, हे डॉक्टर हाताने चाचपतात. त्यानंतर तोंड किती उघडते याचे माप घेतात. निरोगी प्रौढ माणसाच्या तोंडात त्याचीच तीन बोटे उभी मावतात. दवाखान्यात वरच्या व खालच्या पुढच्या दातांमधले अंतर पट्टीने मोजतात. ते साधारण ३५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक असावे. २५ च्या खाली गेले तर जेवणात अडचण सुरू होते आणि १५ च्या खाली गेले की दात घासणेही कठीण होते.

आतली तपासणी ठरलेल्या क्रमाने होते: ओठ, दोन्ही गाल, हिरड्या, जीभ, जिभेखालचा भाग, टाळू आणि घशाचे तोंड. जीभ गॉजच्या कापडात धरून बाहेर ओढतात आणि तिच्या कडा पाहतात, कारण कर्करोग जिभेच्या पाठीपेक्षा कडेवर जास्त आढळतो. एक बोट जिभेखाली आणि दुसरा हात हनुवटीखाली ठेवून मधला भाग दाबून पाहतात. कडक, जागेवरून न हलणारी गाठ लागली तर काळजीचे कारण असते. पांढऱ्या चट्ट्यापेक्षा मखमली लाल चट्टा अधिक धोक्याचा. तो दुखत नाही, त्यामुळे रुग्णाला तो जाणवतही नाही.

सुपारीने आखडलेले तोंड

महाराष्ट्रातील दंतवैद्यांना वारंवार भेटणारा आजार म्हणजे सबम्युकस फायब्रोसिस. गालाच्या अस्तराखाली तंतूंचे जाळे वाढते, अस्तर पांढुरके व ताठर होते आणि तोंड हळूहळू उघडेनासे होते. सुश्रुतसंहितेत ‘विदारी’ नावाने आलेले वर्णन याच्याशी जुळते असे मानले जाते. आधुनिक वैद्यकात १९५२ मध्ये श्वार्ट्झ यांनी केनियातील पाच भारतीय स्त्रियांमध्ये हा आजार नोंदवला. पुढच्याच वर्षी मुंबईचे कान-नाक-घसातज्ज्ञ डॉ. एस. जी. जोशी यांनी भारतातील रुग्णांचे वर्णन करून त्याला आजचे नाव दिले.

याचे मुख्य कारण सुपारी. सुपारीतील अरेकोलिन अस्तराखालच्या पेशींना कोलॅजनचे जास्त तंतू तयार करायला लावते, आणि सुपारीतील तांब्यामुळे ते तंतू एकमेकांत घट्ट गुंफले जातात. शरीर ते नेहमीसारखे विरघळवू शकत नाही. पहिली तक्रार जेवणाच्या ताटावर येते. ठेचा तर सोडाच, साध्या भाजीचाही तिखटपणा सोसत नाही, तोंडाची आग होते. मग भाकरीचा घास बारीक करावा लागतो, शिट्टी वाजेनाशी होते, गाल फुगवता येत नाही. डॉक्टरांनी गाल चाचपला की आत दोरीसारखे ताठ पट्टे बोटाला लागतात. गुटख्याच्या पुड्यांमुळे हा आजार विशी-पंचविशीतल्या तरुणांत आला.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये सुपारी स्वतःच कर्करोगकारक असल्याचे जाहीर केले. त्यामुळे ‘तंबाखू नाही, नुसती सुपारी आहे’ या समजुतीला आधार उरत नाही. केरळमधील रुग्णांचा १७ वर्षे पाठपुरावा केलेल्या, १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सबम्युकस फायब्रोसिसच्या ७.६ टक्के रुग्णांना पुढे तोंडाचा कर्करोग झाला.

महाराष्ट्रात या प्रश्नाचा अभ्यास जुना आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राज्यातील १,०१,७६१ ग्रामस्थांची तोंडे तपासून १९७२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. तंबाखूच्या सवयी आणि तोंडातील कर्करोगपूर्व चट्टे यांचा संबंध त्यातून पुढे आला. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणानुसार राज्यातील २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरतात, तर धूम्रपान करणारे केवळ ३.८ टक्के आहेत. म्हणजे महाराष्ट्रात तंबाखूचा मारा मुख्यतः तोंडावर आहे. राज्यात जुलै २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. तंबाखू आणि सुपारी वेगवेगळ्या पुड्यांत घेऊन तळहातावर एकत्र करणे मात्र थांबलेले नाही.

तुकडा तपासणी

डोळ्यांनी संशय येतो, खात्री बायोप्सीने होते. रुग्ण याला ‘तुकडा काढणे’ म्हणतात आणि तुकडा काढल्याने कॅन्सर पसरतो या भीतीने टाळतात. ही भीती निराधार आहे. जागा बधिर करून चट्ट्याच्या कडेचा लहानसा भाग घेतात. त्यात आजारी आणि निरोगी, दोन्ही पेशी याव्यात अशी काळजी घेतली जाते, कारण दोहोंच्या सीमेवरच आजाराचे स्वरूप नीट कळते. तुकडा फॉर्मालिनच्या बाटलीत टाकून प्रयोगशाळेत पाठवतात. जखमेला एखाद-दुसरा टाका पडतो आणि रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. मोठ्या चट्ट्यात नेमका कोठून तुकडा घ्यावा हे ठरवायला टोल्युडीन ब्लू हा निळा रंग लावतात. संशयित भाग तो रंग धरून ठेवतो. रंगाची चाचणी मदतीपुरती असते, निर्णय सूक्ष्मदर्शकाखालीच होतो.

जबड्याच्या आत

हाडातला आजार पाहायला ओपीजी हा एक्स-रे उपयोगी पडतो. दोन्ही जबडे, सगळे दात आणि सांधे त्यात एकाच चित्रात येतात. न उगवलेल्या अक्कलदाढेभोवती पाण्याची पिशवी तयार होते, तिला पुटक म्हणतात. ती वर्षानुवर्षे न दुखता वाढते आणि हाड पोखरते. खालच्या जबड्याच्या मागच्या भागात ॲमेलोब्लास्टोमा नावाची गाठ होते. ती सहसा शरीरात इतरत्र पसरत नाही, पण नुसती खरवडून काढली तर पुन्हा उद्भवते. म्हणून भोवतालच्या हाडासह ती काढावी लागते. गाठीची खोली आणि नसांशी असलेले तिचे नाते सीबीसीटी किंवा सीटी स्कॅनवर समजते.

कीड लागलेल्या दाढेतून जबड्याखाली पू उतरणे हा सर्वाधिक टाळता येण्याजोगा धोका. दोन्ही बाजूंना जबड्याखाली कडक सूज, जीभ वर उचलली जाणे, लाळ गिळता न येणे आणि श्वास अडणे ही चार लक्षणे एकत्र दिसली तर रुग्णाला त्याच क्षणी रुग्णालयात न्यावे. शेकणे किंवा लेप लावणे यात गेलेला वेळ श्वासावर बेततो. मधुमेह असलेल्यांत संसर्ग अधिक वेगाने पसरतो. २०२१ मध्ये करोनानंतर आलेल्या म्युकरमायकोसिसने हे दाखवून दिले. वरच्या जबड्याचे हाड बुरशीने मृत झाल्याने अनेकांचे टाळू आणि दात काढावे लागले, ॲम्फोटेरिसिन-बी हे औषध दुर्मीळ झाले, आणि मे २०२१ मध्ये केंद्र सरकारने राज्यांना या आजाराची नोंद बंधनकारक करण्यास सांगितले.

काही दुखणी दाताची वाटतात, पण दाताची नसतात. चेहऱ्याच्या नसेचे दुखणे विजेच्या झटक्यासारखे क्षणभर येते, गार वारा लागला किंवा दात घासले की उसळते. निदान न झाल्याने रुग्ण एकामागून एक चांगल्या दाढा काढून बसतात. कार्बामाझेपीन या गोळीने त्याला आराम पडतो. लहानपणी हनुवटीवर पडलेल्या मुलाचा सांधा हाडाने जुळून गेला तर तोंडच उघडत नाही आणि जबड्याची वाढ खुंटते. म्हणून हनुवटीला मार लागलेल्या मुलाचा सांध्याचा एक्स-रे काढणे गरजेचे असते. दुचाकीच्या अपघातात मोडलेला जबडा आता टायटॅनियमच्या छोट्या पट्ट्यांनी जोडतात.

उपचार

सबम्युकस फायब्रोसिसचा पहिला उपचार सवय सोडणे हाच. ती चालू असेल तर बाकीचे उपचार वाया जातात. सुरुवातीच्या टप्प्यात गालात स्टिरॉइड व हायलुरोनिडेजची इंजेक्शने देतात, सोबत तोंड उघडण्याचा व्यायाम. आइसक्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांत धरायच्या आणि काही दिवसांनी एकेक काडी वाढवायची, ही साधी पद्धत सर्वत्र वापरली जाते. तोंड फारच आखडले असेल तर पट्टे कापून त्या जागी गालातील चरबीचा किंवा नाकाशेजारच्या त्वचेचा पडदा बसवतात. शस्त्रक्रियेनंतरही व्यायाम महिनोन्‌महिने करावा लागतो, नाहीतर तोंड पुन्हा मिटते.

कर्करोगात मुख्य उपचार शस्त्रक्रिया. मानेत गाठ लागत नसली तरी मानेतील लसिका ग्रंथी त्याच वेळी काढाव्यात का, हा प्रश्न अनेक वर्षे वादात होता. त्याचे उत्तर मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने दिले. डॉ. अनिल डिक्रूझ यांच्या नेतृत्वाखालील, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुरुवातीच्या टप्प्यातील ज्या रुग्णांच्या ग्रंथी लगेच काढल्या त्यांच्यापैकी ८० टक्के रुग्ण तीन वर्षांनंतर जिवंत होते. गाठ दिसण्याची वाट पाहिलेल्यांत हे प्रमाण ६७.५ टक्के होते. ही पद्धत आता जगभर स्वीकारली गेली आहे. काढलेल्या जबड्याच्या जागी पायाच्या पोटरीतले बारीक हाड रक्तवाहिन्यांसह बसवता येते. गरजेनुसार पुढे सहा-सात आठवडे किरणोपचार चालतात. त्यापूर्वी खराब दात काढून घ्यावे लागतात, कारण किरणोपचारानंतर दात काढल्यास जबड्याचे हाड भरून न येण्याचा धोका असतो.

जिल्ह्यातील सोय

निदानाची प्राथमिक सोय परभणी जिल्ह्यातच आहे. परभणीत सरस्वती धन्वंतरी दंत महाविद्यालय व रुग्णालय आहे. मुखरोग निदान, मुखविकृतिशास्त्र आणि जबड्याची शल्यचिकित्सा हे विभाग प्रत्येक दंत महाविद्यालयात असावेच लागतात, त्यामुळे तपासणी, एक्स-रे आणि बायोप्सी एका छताखाली होऊ शकते. परभणीला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले आहे. पुढील उपचारांसाठी छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालय आणि शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. मानवत रोड, सेलू, जालनामार्गे रेल्वेने तेथे थेट जाता येते. तोंडाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रिया व किरणोपचार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत येतात. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन योजनेतील रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटले की पुढची प्रक्रिया समजते.

नुसते तोंड तपासण्याने जीव वाचतो याचा पुरावा केरळमध्ये मिळाला. तेथे आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन तोंडे पाहिली, आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तंबाखू वा दारूचे सेवन करणाऱ्यांत तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. त्यासाठी महागडे यंत्र लागले नाही.

महिन्यातून एकदा आरशासमोर उजेडात उभे राहून ओठ उलटे करावेत, दोन्ही गाल ताणून पाहावेत, जिभेच्या कडा पाहाव्यात आणि तीन बोटे तोंडात मावतात का ते तपासावे. पंधरा दिवसांत न भरलेली जखम, न पुसला जाणारा चट्टा, कारण नसताना हललेला दात किंवा कमी उघडणारे तोंड यांपैकी एकही गोष्ट आढळली तर सोळाव्या दिवशी दंतवैद्याकडे जावे. दुखण्याची वाट पाहू नये, कारण तोंडाचा कर्करोग सुरुवातीला सहसा दुखत नाही.