घरपट्टी : योग्य आकारणी आणि सवलतीचा मार्ग

आर्थिक वर्ष सुरू झाले की ग्रामपंचायतीचा कर्मचारी कराची बिले घेऊन वाडीवाडीतून फिरू लागतो. रत्नागिरी जिल्ह्यातील गाव म्हणजे एका जागी वसलेले गावठाण क्वचितच असते. डोंगरउतारावर, माडा-पोफळींच्या बागांत आणि खाडीकाठी विखुरलेल्या अनेक वाड्या मिळून गाव होते. अनेक घरांतील कर्ती माणसे मुंबईस असतात आणि घरी वृद्ध आईवडील तरी असतात किंवा दाराला कुलूप तरी असते. अशा घराची मोजणी कोणी केली, ते मातीचे नोंदले गेले की सिमेंटचे, याची विचारपूस सहसा होत नाही. बिल हाती आल्यावर मात्र आकडा अधिक वाटतो आणि तक्रार सुरू होते. ही तक्रार कोठे, केव्हा व कशी करावी, याची माहिती नसल्याने ती पुष्कळदा पारावरच संपते आणि थकबाकी मात्र वाढत जाते.

कर आणि ग्रामनिधी

घरपट्टी ही ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नाची मुख्य बाब होय. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींना घटनात्मक स्थान मिळाले आणि राज्याच्या कायद्यानुसार त्यांना कर बसविण्याचा अधिकार देता येईल, अशी तरतूद झाली. महाराष्ट्रात हा अधिकार १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२४ अन्वये वापरला जातो. घरपट्टीबरोबरच दिवाबत्ती, आरोग्य व पाणी यांच्या आकारणीच्या रकमाही ग्रामनिधीत जमा होतात. वाडीतील दिवे, विहिरींची स्वच्छता, पाखाडीची दुरुस्ती अशी कामे त्यातून होतात. मागासवर्गीय, महिला व बालके आणि दिव्यांग यांच्यासाठी खर्चावयाचा ठरावीक हिस्साही या स्वउत्पन्नातूनच काढावयाचा असतो. म्हणून एखाद्यास कारणाशिवाय सूट दिली तर तिचा भार शेजाऱ्यावर पडतो आणि एखाद्यावर चुकीची आकारणी झाली तर त्याच्यावर अन्याय होतो. दोन्ही टाळावयाचे तर नोंद अचूक असली पाहिजे.

कर कसा ठरतो?

१९६० च्या कर व फी नियमांत डिसेंबर २०१५ मध्ये सुधारणा होऊन आकारणी मालमत्तेच्या भांडवली मूल्यावर करण्याची पद्धत आली. जमिनीचे क्षेत्रफळ गुणिले जमिनीचा वार्षिक मूल्य दर, अधिक इमारतीचे क्षेत्रफळ गुणिले बांधकामाच्या प्रकाराचा दर गुणिले घसाऱ्याचा दर. आणि येणाऱ्या बेरजेस वापराचा भारांक, असे हे सूत्र आहे. त्यावरून येणाऱ्या मूल्यावर दर हजार रुपयांमागे ठरविलेल्या दराने कर बसतो.

सूत्र किचकट वाटले तरी एका उदाहरणाने त्याचा अर्थ ध्यानात येईल. यातील दर केवळ समजुतीसाठी मानलेले आहेत. एका घराची जमीन व बांधकाम प्रत्येकी ६० चौरस मीटर आहे. जमिनीचा दर ३०० रुपये, बांधकामाचा दर ८,००० रुपये आणि घर जुने असल्याने घसाऱ्याचा दर ०.५० धरला, तर जमिनीचे १८,००० व इमारतीचे २,४०,००० मिळून मूल्य २,५८,००० रुपये होते. हजारी ६० पैशांप्रमाणे कर १५४ रुपये ८० पैसे येईल. हेच घर चुकून नवे नोंदले गेले व घसारा धरला नाही, तर मूल्य ४,९८,००० आणि कर २९८ रुपये ८० पैसे होईल. ओटीवर कधी काळी चालणाऱ्या व बंद पडलेल्या दुकानामुळे वापर वाणिज्यिक राहिला आणि १.२५ चा भारांक लागला, तर तोच कर ३७३ रुपये ५० पैशांवर जाईल. कराचा दर तिन्ही वेळा एकच आहे. बदलली ती केवळ नोंद. मजुरीवर गुजराण करणाऱ्या विधवेस हा फरक लहान नाही आणि तो दरवर्षी भरावयाचा असतो.

यावरून घरमालकाने काय तपासावे, हे स्पष्ट होते : क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार, बांधकामाचे वर्ष आणि वापर. कोकणात बांधकामाच्या प्रकाराकडे विशेष लक्ष द्यावे लागते. जांभ्या चिऱ्याची भिंत बाहेरून सारखीच दिसते. परंतु ती मातीत रचलेली आहे की सिमेंटमध्ये, यावर तिचा वर्ग अवलंबून असतो. कौलारू घर आणि स्लॅबचे घर यांतही भेद आहे.

प्रथम उतारा, मग हरकत

या सर्व बाबी ग्रामपंचायतीच्या आकारणी नोंदवहीत, म्हणजेच नमुना ८ मध्ये असतात. या नोंदवहीचा उतारा देणे ही २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाखाली अधिसूचित झालेली सेवा असून तो ठरलेल्या मुदतीत मिळावयास हवा. उतारा हाती आल्यावर घराशी ताडून पाहावा आणि जेथे तफावत असेल तेथे नेमकी ती बाब लिहावी. “कर फार आहे, कमी करावा” एवढ्या अर्जाने काम होत नाही. “घर मातीत रचलेल्या चिऱ्याचे आहे, सिमेंटचे नोंदले आहे, प्रत्यक्ष पाहणी व्हावी” असा अर्ज असेल तर पंचायतीस निर्णय देता येतो. सोबत छायाचित्र, जुन्या पावत्या व जुना उतारा जोडावा आणि अर्जाची पोच घ्यावी.

फेरआकारणीच्या वेळी यादी प्रसिद्ध करून हरकती मागविल्या जातात. दुरुस्तीची ही सर्वांत सोयीची वेळ होय. मुंबईकर मालकांनी गावातील नातेवाइकास याची कल्पना देऊन ठेवणे हिताचे ठरते. हरकतीनंतरही समाधान न झाल्यास कलम १२४ अन्वये पंचायत समितीकडे अपील करता येते आणि त्यावर पुन्हा जिल्हा परिषदेच्या स्थायी समितीकडे दाद मागता येते. तिचा निर्णय अंतिम असतो. न्यायालयाची पायरी चढण्यापूर्वीच तालुक्याच्या व जिल्ह्याच्या ठिकाणी दाद मागण्याची ही सोय आहे.

शहरांतील रीत

रत्नागिरी, चिपळूण, खेड व राजापूर या नगरपरिषदा आणि दापोली, मंडणगड, गुहागर, लांजा व देवरुख या नगरपंचायती यांना १९६५ चा स्वतंत्र अधिनियम लागू आहे. तेथेही यादी प्रसिद्ध होऊन हरकती घेतल्या जातात आणि मालमत्ता कराच्या अपिलासाठी समिती असते. मात्र यादीवर मुदतीत लेखी हरकत घेतलेली असणे आणि बिलाची रक्कम भरणे या अपिलाच्या अटी आहेत. जो हरकतीच्या वेळी गप्प बसतो, त्यास पुढे अपिलाचे दारही बंद होते.

सवलती कोणास?

कर वेळेवर भरणे हीच सर्वांना खुली असलेली सवलत होय. ३० सप्टेंबरपूर्वी कर भरणाऱ्यास ग्रामपंचायतीकडून पाच टक्के सूट मिळते.

माजी सैनिक व शहीद सैनिकांच्या पत्नी यांच्यासाठी २०२० मध्ये बाळासाहेब ठाकरे माजी सैनिक सन्मान योजना सुरू झाली. तिच्याखाली निवासी घराच्या करातून माफी मिळते व त्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचे प्रमाणपत्र लागते. सुभेदार रामजी सकपाळ यांचे आंबडवे ज्या मंडणगड तालुक्यात आहे, त्या तालुक्यासह साऱ्या जिल्ह्याला सैनिकी परंपरा आहे. तथापि येथेच एक अडचण येते. घर अद्याप आजोबांच्या नावे असेल तर नातू सैनिक असूनही माफीस पात्र ठरणे कठीण होते. म्हणून वारस नोंद वेळीच करून घ्यावी. त्याच वेळी पतीबरोबर पत्नीचेही नाव लावून घ्यावे. २० नोव्हेंबर २००३ च्या शासन निर्णयाने तशी सोय केलेली आहे. नमुना ८ हा कर आकारणीचा दस्तऐवज आहे, मालकी हक्काचा निर्णायक पुरावा नव्हे, हेही ध्यानात ठेवावे.

घर पडले असेल तर ती गोष्ट पंचायतीस लेखी कळविणे आवश्यक आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात मंडणगड व दापोली तालुक्यांतील असंख्य घरांची छपरे उडाली. २२ जुलै २०२१ च्या महापुरात चिपळूण शहर पाण्याखाली गेले. नुकसानीचा पंचनामा महसूल यंत्रणा करते. परंतु त्यामुळे आकारणी नोंदवहीतील नोंद आपोआप बदलत नाही. पंचनाम्याची प्रत जोडून स्वतंत्र अर्ज केला तरच पडलेल्या घराची नोंद दुरुस्त होऊ शकते.

मदतीचा हात गावातच

या कामी खरी गरज आहे ती जवळच्या माणसाच्या मदतीची. ज्यास पूर्वी ग्रामसेवक म्हटले जाई त्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याने फेरआकारणीपूर्वी वाडीवार यादी वाचून दाखविली, तर निम्म्या तक्रारी तेथेच मिटतील. शिक्षकांनी वरच्या वर्गातील मुलांकडून आपापल्या घराचे क्षेत्रफळ काढून घेतले तर गणिताचा पाठही होईल आणि घरच्यांना बिलही समजेल. सदस्यांनी आपल्या प्रभागातील वृद्ध व एकट्या स्त्रियांचे अर्ज लिहून द्यावेत. त्यांनी स्वतःचा करही वेळेवर भरला पाहिजे. कारण रीतसर बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत कर न भरल्यास सदस्यत्वावरच गदा येते. हरकत अर्ज दिला म्हणून कर थकवू नये, हा सल्ला सर्वांनाच द्यावयास हवा. थकबाकीवर वसुलीची कारवाई जप्तीपर्यंत जाऊ शकते आणि येणे बाकी नसल्याचा दाखलाही अडतो.

आपला कर कसा ठरला हे ज्यास कळले, तो तो भरावयास सहसा कुरकुर करीत नाही. पुढील ग्रामसभेत आकारणी यादीचे वाचन हा विषय घेतला जावा आणि ज्या घराच्या दाराला कुलूप आहे, त्या घराची नोंदही शेजाऱ्यांच्या साक्षीने तपासली जावी. त्यासाठी वेगळा निधी लागत नाही. एक दुपार आणि नोंदवही एवढेच पुरेसे आहे.