तळहाताएवढे चित्र

माझ्या मेजावरील काचेखाली तळहाताएवढा एक रंगीत छापील तुकडा आहे. वासुदेव गायतोंडे यांच्या एका तैलचित्राच्या प्रतिकृतीचा तो कोपरा. पिवळसर करड्या रंगावर काही काळपट ओरखडे आणि अर्धवट पुसलेला एक डाग, एवढेच. "हे कशाचे चित्र?" असे येणारा प्रत्येक जण विचारतो. एकाला त्यात ओहोटीचा किनारा दिसला, दुसऱ्याला ओल धरलेली भिंत. मी स्वतः त्याला धुके समजत असे.

नागपुरात जन्मलेले आणि मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत शिकलेले गायतोंडे (१९२४–२००१) आपल्या चित्रांना अमूर्त म्हणवून घेण्यास राजी नसत. ती वस्तुनिरपेक्ष आहेत, असा त्यांचा आग्रह असे. हा केवळ शब्दच्छल नव्हे. अमूर्तीकरणात एखाद्या वस्तूपासून आरंभ करून तिचे तपशील गाळावयाचे असतात. येथे गाळावयास मूळ वस्तूच नाही. तेव्हा किनारा, भिंत, धुके ही सारी आपल्या पदरची भर!

मग या तुकड्यात वाचावयाचे काय? माझ्या मते, त्याची घडण. रंगाचे थर रोलरने पसरावे, पात्याने खरवडावे, पुन्हा चढवावे, अशी गायतोंडे यांची रीत होती. माझ्या तुकड्यातील ओरखडा डागाला छेदून जातो आणि त्याच्या तळाशी खालचा पिवळा रंग उघडा पडतो. म्हणजे आधी पिवळा, मग डाग, मग ओरखडा. एवढा क्रम तुकडा निश्चित सांगतो. तो डाग संपूर्ण चित्रात तरंगतो की बुडतो, हे मात्र त्याला सांगता येत नाही.

सरकारी नोकरीत हा धडा मी फार महाग शिकलो. टिप्पणीत उतरलेल्या एकाच वाक्यावरून मी एक अर्ज नामंजूर केला होता. मूळ अर्ज वाचला, तेव्हा त्या वाक्याचा रोख नेमका उलट निघाला. तोवर त्या वृद्ध गृहस्थांनी तीन महिने खेटे घातले होते.

पुढे एका ग्रंथात ते संपूर्ण चित्र पाहावयास मिळाले आणि कळले, की माझा कोपरा मी इतकी वर्षे उलटा ठेवला होता. आता तो सरळ केला आहे. धुके नाहीसे झाले. ओरखडा मात्र अजूनही डागानंतरचाच आहे.