गाडी ओढत नाही, पण कधीकधी

ठाण्यात टेंभी नाक्याहून जांभळी नाक्याच्या बाजाराकडे माल घेऊन निघालेली जुनी पिकअप गर्दीतून बिनतक्रार सरकते. पहिला गिअर, दुसरा गिअर, ब्रेक, पुन्हा पहिला. तीच गाडी दुपारी टनभर माल भरून घोडबंदर रस्त्याला लागते आणि गायमुखच्या चढावर पाय पूर्ण दाबूनही तिचा वेग उतरत जातो. चढ संपला की पुन्हा धावते. संध्याकाळी गॅरेजात उभी केली, तर इंजिनाचा आवाज स्वच्छ, धूर नाही, कसली खूण नाही. ‘गाडी ओढत नाही’ ही तक्रार मिस्त्रीला रोजची. तिला ‘कधीकधी’ जोडलं गेलं की काम अवघड होतं.

अशा वेळी अंदाजाने सुटे भाग बदलत जायची सवय फार पसरली आहे. आधी फिल्टर, मग नोझल, मग पंप उतरवून पंपवाल्याकडे. पैसे जातात आणि बिघाड राहतो. भाड्याच्या फेऱ्यांवर घर चालवणाऱ्या मालकाला हे परवडत नाही. जाणता मिस्त्री पान्याला हात लावण्याआधी ड्रायव्हरला बोलतं करतो. गाडी भरलेली होती की रिकामी? त्रास निघताच झाला की तासाभराने? टाकीत डिझेल किती होतं? धूर काळा की पांढरा? बंद करून पुन्हा सुरू केल्यावर ठीक झाली का? निम्मं निदान या उत्तरांतच होतं.

गर्दीत सरकणाऱ्या इंजिनाला डिझेल थोडंच लागतं. अर्धा चोंदलेला फिल्टरही तेवढं पुरवतो. चढावर मागणी कितीतरी पटींनी वाढते आणि पुरवठ्यातला अडथळा तिथे उघडा पडतो. म्हणून शोध टाकीपासून सुरू करावा, आणि तोही झाकणापासून. डिझेल खाली जातं तशी त्याची जागा घ्यायला बाहेरची हवा आत यावी लागते. झाकणातलं बारीक छिद्र मातीने बुजलं की टाकीत पोकळी तयार होते आणि पंपाला डिझेल ओढणं जड जातं. गाडीचा दम जाताच ती सुरक्षित जागी बाजूला घ्यायची आणि झाकण उघडायचं. ‘फस्स’ करून हवा आत गेली आणि गाडी लगेच सुधारली, तर चोर सापडला. या चाचणीला एक रुपयाही लागत नाही, तरी ती सगळ्यांत कमी वेळा केली जाते.

त्यापुढचा संशयित म्हणजे हवा. टाकी आणि फीड पंप यांच्यामधली रबरी नळी भेगाळली किंवा ती जोडणाऱ्या पोकळ बंजो बोल्टचा तांब्याचा वॉशर चपटला, तर गाडी चालू असताना तिथून डिझेल गळतंच असं नाही. उलट बाहेरची हवा आत ओढली जाते. जमिनीवर थेंब नाही, म्हणून गळती नाही असा समज होतो आणि त्यात दिवस वाया जातात. फिल्टरआधी हातभर पारदर्शक नळी जोडली की बुडबुडे डोळ्यांना दिसतात. शंका उरलीच, तर टाकी आणि तिची नळी वगळून स्वच्छ डिझेलच्या कॅनमधून इंजिन चालवून पाहावं. बुडबुडे थांबले तर दोष त्या कॅनच्या मागे, म्हणजे टाकीच्या बाजूला.

पावसाळ्यात पाण्याकडेही पाहावं लागतं. पाणी डिझेलपेक्षा जड, ते तळाशी बसतं. चढावर किंवा खड्ड्यात टाकी हिंदकळली की ओढलं जातं.

डिझेल नीट पोचत असेल आणि चढावर धूर काळा येत असेल, तर हवा कमी पडते आहे. टर्बोनंतरची रबरी नळी तेलाने मऊ होऊन चिरली, तर उभ्या गाडीत ती चीर मिटलेली असते. टर्बोचा दाब चढला की फाकते. गॅरेजात ती दिसत नाही ती याचसाठी.

टाटांची टाटामोबाईल १९८८ मध्ये आली, तेव्हाच्या पिकअपमध्ये डिझेल यांत्रिक पंपावर मोजलं जायचं. पुढे कॉमन रेल आलं, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना एकाच दाबाच्या नळीतून डिझेल. १९९७ च्या अल्फा रोमिओ १५६ पासून मोटारींमध्ये रुजलेल्या या पद्धतीत पहिल्या पिढीतच दाब १,३५० बारपर्यंत गेला होता, आणि त्यावर संगणकाची नजर असते. दाब मागितला तेवढा मिळाला नाही की संगणक स्वतःच ताकद कमी करतो. चावी बंद करून सुरू केली की बहुतेकदा गाडी सावरते आणि ड्रायव्हरला वाटतं, बरी झाली. स्कॅनरचा कोड भागाचं नाव सांगत नाही. ‘रेलमध्ये दाब कमी’ याचा अर्थ फिल्टर, पंप किंवा गळका इंजेक्टर, काहीही असू शकतो. कोड वाचून थेट सेन्सर बदलणं हे अर्धवट काम आहे. स्कॅनर जोडून, सोबत माणूस बसवून चढ चढावा. मागितलेला आणि मिळालेला दाब कुठे वेगळे होतात ते पाहावं.

उष्णतेचा बिघाड मात्र चढावर नाही, कोंडीत सापडतो. टेंभी नाक्याच्या नवरात्रोत्सवात, ऑक्टोबरच्या उन्हात गाडी रेंगाळली की बॉनेटखाली उष्णता साठते. इंजिनाची फिरकी मोजणारा क्रँक सेन्सर कमजोर असेल तर तो तापून सिग्नल सोडतो आणि थंड झाल्यावर पुन्हा नीट चालतो. भिवंडीच्या खड्ड्यांतच झटके येत असतील, तर घासलेली वायर किंवा ढिली अर्थिंग आधी पाहावी.

दुरुस्तीची परीक्षा रिकाम्या गाडीने होत नाही. तेवढाच माल आणि तोच चढ हवा. काढलेला फिल्टर कापूनही पाहावा. तांबूस गाळ म्हणजे टाकी आतून गंजते आहे. काळा चिकट थर म्हणजे डिझेलमधली घाण. धातूची चमकी दिसली तर पंप झिजून त्याचे कण पुढे इंजेक्टरपर्यंत गेले असणार. मग रेल, नळ्या आणि टाकी धुतल्याशिवाय नवा पंप बसवू नये.