पक्षाघाताच्या वाटेवर – लेखांक ७ : डोंगर चढणाऱ्याला कसलं बीपी?

हृदयाच्या अनियमित ठोक्यांबद्दल या वेळी लिहीन असं कबूल केलं होतं. तो विषय पुढच्या आठवड्यावर टाकतो, कारण घाटघरकडच्या एका आशाताईंचं पत्र आलंय आणि त्यांचा प्रश्न मला जास्त निकडीचा वाटतो. त्या लिहितात : ‘साडेचार तासांचा हिशेब वाचला. आमच्या इथून तो जमायचा कसा? माझ्या सासूबाई साठीच्या पुढच्या आहेत, अंगानं काटकुळ्या. बीपी दोनदा मोजलं, दोन्ही वेळा वरचा आकडा १७०च्या पुढे. गोळी घ्या म्हटलं की म्हणतात, मला काय धाड भरलीय? सकाळी मिश्री लावते आणि रानातून मोळी घेऊन येते. बीपी होतं ते शहरातल्या बसून खाणाऱ्यांना.’

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. घाटघर म्हणजे नाणेघाटाचं तोंड, जीवधनच्या पायथ्याचं गाव. जुन्नर तिथून तीसेक किलोमीटर आणि पुणं पुढे आणखी नव्वदेक. आषाढात धुकं उतरलं की दहा पावलांवरचं दिसत नाही. अशा रात्री कुणाच्या अंगावरून वारं गेलं, तर १०८ला फोन करायचा, गाडी यायची, मग स्कॅन असलेलं रुग्णालय गाठायचं, आणि हे सगळं गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनची साडेचार तासांची मुदत संपायच्या आत. धावपळ करायचीच, त्यात कसूर नको. पण घाटमाथ्यावर खरी लढाई झटका येण्याच्या आधीच्या दहा-पंधरा वर्षांत लढायची असते, आणि ती त्या सासूबाईंच्या ओटीवर बसून लढायची असते.

आता ‘बसून खाणाऱ्यांचा रोग’ हा समज. जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यात इतकी वर्षं फिरतोय, हे वाक्य ऐकलं नाही असं एकही गाव मला आठवत नाही. त्यात तथ्याचा अंश आहे म्हणूनच ते इतकं पक्कं बसलंय. अंगमेहनतीनं धोका कमी होतो, हे खरंच आहे. पण गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेनं ८६ गावांत दोन वर्षं प्रत्येक मृत्यूचं कारण शोधलं. तिथली माणसंही भात लावणारी, मजुरी करणारी, मैलोन्‌मैल चालणारी. एकूण १,५९९ मृत्यूंपैकी २२९ पक्षाघातानं झालेले निघाले. म्हणजे दर सातांतला एक, आणि इतर कुठल्याही कारणापेक्षा जास्त. त्यांतले ८७ टक्के लोक घरातच गेले. डॉ. योगेश्वर काळकोंडे आणि सहकाऱ्यांनी हे २०१५ साली प्रसिद्ध केलं. हिवताप, जुलाब, न्यूमोनिया यांचा जिल्हा म्हणून ज्याच्याकडे आपण बघायचो, तिथे ही स्थिती. माझ्या मते महाराष्ट्राच्या ग्रामीण आरोग्यावरचा गेल्या काही वर्षांतला हा सगळ्यात डोळे उघडणारा अभ्यास आहे, आणि प्रत्येक उपकेंद्राच्या भिंतीवर त्यातले आकडे लिहिलेले असावेत.

काटक शरीराच्या आतल्या धमन्याही वयाबरोबर कडक होतात. त्यात बोंबील, सुकट, खारवलेली मिरची आणि वर ताटात वाढलेलं मीठ पोटात गेलं की दाब चढतो. मेंदूतल्या बारीक वाहिन्यांवर तो दाब वर्षानुवर्षं आदळत राहतो. त्यांच्या भिंती जाड होतात, वाट अरुंद होते किंवा एखादी फुटते. हे होताना काहीही दुखत नाही. मोळी उचलता येते, नाच काढता येतो, घाट उतरून वैशाखऱ्याला जाताही येतं.

आणि मग मिश्री. हा माझा जुना ध्यास आहे, तेव्हा इथे जरा थांबतो. पक्षाघाताच्या धोक्यांची यादी कुठल्याही भिंतीवर पाहा. ‘धूम्रपान’ लिहिलेलं असतं आणि बाजूला बिडीचं नाहीतर सिगारेटचं चित्र. आमच्या बायका ते चित्र पाहतात आणि म्हणतात, आपण कुठं ओढतो? डॉक्टरही विचारतात, ‘तंबाखू खाता का?’ उत्तर ‘नाही’ येतं, आणि ते प्रामाणिक असतं. मिश्री खात नाहीत, ती लावतात. तंबाखू तव्यावर काळा होईपर्यंत भाजायचा, कुटायचा आणि ती पूड बोटानं दातांना, हिरड्यांना घासायची. भाजल्यानं त्यातलं विष जळून जातं असं पुष्कळांना वाटतं. निकोटीन जळून जात नाही. ते हिरड्यांतून थेट रक्तात उतरतं, नाडी वाढवतं, रक्तदाब चढवतं. दिवसातून एकदा दात घासायला म्हणून सुरू झालेलं हे काम पुढे चार-पाच वेळांवर जातं. आपल्याच पुणे जिल्ह्यात एक लाखाहून अधिक ग्रामस्थांची तोंडं तपासली गेली होती, त्याचा अहवाल १९७२ साली आला. त्यात १०० बायकांपैकी ३९ मिश्री लावणाऱ्या होत्या, पुरुषांत शंभरात एकही नाही. ती तपासणी तोंडाच्या कर्करोगासाठी होती. पण धूर न काढणारा तंबाखू आणि पक्षाघातानं येणारा मृत्यू यांचंही नातं पुढे अनेक अभ्यासांत दिसलं आहे.

म्हणून आशाताई, पहिला प्रश्न बदला. ‘मिश्री लावता का?’ असंही विचारू नका, त्यात आरोप ऐकू येतो. ‘दिवसातून किती वेळा मिश्री होते?’ असं विचारा. आणि बीपी मोजायच्या आधी विचारा. अर्ध्या तासात मिश्री किंवा चहा झाला असेल, तर थांबा. पाच मिनिटं पाठ टेकून बसवा, हात छातीच्या पातळीवर ठेवा, दोनदा मोजा. तुमच्या सासूबाईंचे दोन्ही आकडे मिश्रीनंतरचे असतील, तर पुन्हा मोजायला हवेत. १७० वरून दाब १४०च्या खाली येईल अशी आशा मात्र धरू नका.

मग बोलणं. ‘गोळी घेतली नाही तर लकवा होईल’ हे वाक्य टाळा. भीती दोन दिवस टिकते, तिसऱ्या दिवशी माणूस तुम्हालाच टाळायला लागतं. मी आकडा कागदावर लिहून हातात देतो आणि म्हणतो, ‘आजी, हा तुमचा आकडा. तो १४०च्या आत आणायचाय. महिन्यानं परत बघू, किती उतरला ते.’ वरचा आकडा दहानं उतरला तरी पक्षाघाताचा धोका साधारण चौथ्या हिश्शानं कमी होतो. बोलून झालं की विचारा, ‘घरी गेल्यावर सुनेला काय सांगाल?’ त्या जे सांगतील, त्यावरून कळतं आपण काय नीट सांगितलं आणि काय नाही. एका भेटीत एकच गोष्ट धरा. मीठ, मिश्री, गोळी, सगळं एकदम सांगितलं तर त्यांतलं काहीच होत नाही. १७०च्या पुढच्या बाईसाठी माझ्या मते आधी गोळी. मिश्रीचा विषय दुसऱ्या भेटीत, पण तो सोडायचा नाही.

गोळीबद्दल दोन गोष्टी आधीच सांगून ठेवा. सुरुवातीला बहुधा अ‍ॅम्लोडिपिन मिळते, तिनं काहींचे पाय सुजतात. लावणीत दिवसभर चिखलात उभं राहिल्यावरही सुजतात. आधी सांगितलं नसेल तर बाई गोळीवर खापर फोडून ती बंद करते. सूज आली तर डॉक्टर गोळी बदलून देतात, बंद करायची नसते. दुसरं, आकडा उतरला म्हणजे काम झालं असं समजून बहुतेक जण थांबतात. आकडा गोळीमुळे उतरलेला असतो. नारायणगाव-ओतूरकडे मजुरीला जाणाऱ्यांनी निघण्याआधी महिन्याभराच्या गोळ्या आणि आकड्यांचं कार्ड बरोबर घ्यावं. ते कार्ड दाखवून तिथल्या सरकारी दवाखान्यातही गोळी मागता येते. त्यासाठी पैसे पडत नाहीत.

मिश्री सोडताना डोकं दुखतं, चिडचिड होते, आणि ‘पोट साफ होत नाही’ ही तक्रार तर हमखास येते. ती खरी असते, हसण्यावारी नेऊ नका. सकाळी कोमट पाणी, जेवणात पालेभाजी आणि दर आठवड्याला एक खेप कमी, असं मी सांगतो. फोनवर मराठीत बोलायचं असेल तर तंबाखूमुक्तीसाठी सरकारचा १८००-११-२३५६ हा मोफत क्रमांक आहे.

एक मात्र थांबवून ठेवू नका. हात किंवा तोंडाची एक बाजू दहा मिनिटं बधिर झाली, बोबडी वळली आणि मग आपोआप बरं झालं, असं कुणी सांगितलं तर ‘अशक्तपणा असेल’ म्हणून सोडू नका. त्याच दिवशी जुन्नरला पाठवा, रात्र झाली असली तरी. अनियमित ठोके आणि हे क्षणभराचे झटके यांचा जवळचा संबंध आहे, तो पुढच्या आठवड्यात.

तोवर घाटघरपासून आपटाळ्यापर्यंतच्या वाचकांना एक विनंती. घरात तिशीच्या पुढचं जे कुणी असेल, मिश्री लावणारं असो वा नसो, काटकुळं असो वा धष्टपुष्ट, त्याचं बीपी येत्या आठ दिवसांत उपकेंद्रावर मोजून घ्या आणि आकडा लिहून ठेवा.