दरूद ओठांवर, मजुरी हातावर

मुंबई-नाशिक महामार्गावरच्या मानकोलीत मालमोटारींची वर्दळ थांबत नाही. भिवंडी तालुक्यातला हा परिसर आज गोदामांसाठी ओळखला जातो. रमजानमध्ये रोजा ठेवून खोकी उतरवणारे हमाल इथे असतात, ट्रकचालक असतात. मगरिबची अजान होते, खजुराने रोजा सुटतो आणि नमाजसाठी सफ लागते. नमाजच्या शेवटच्या बैठकीत प्रत्येकाच्या ओठांवर दरूद येतो. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याविषयीच्या आदराचे हे सर्वांत साधे आणि रोजचे रूप.

दरूद ही प्रेषितांकडे केलेली याचना नव्हे. प्रेषितांवर कृपा कर, असे अल्लाहकडे घातलेले ते साकडे आहे. पवित्र कुरआनच्या सूरह अहजाबमध्ये (33:56) श्रद्धावंतांना दरूद व सलाम पाठवण्याची आज्ञा आहे. दरूदच्या आधी जी साक्ष दिली जाते, तिच्यात प्रेषितांना अगोदर अल्लाहचा बंदा म्हटले जाते आणि नंतर रसूल. आदर कितीही असो, इबादत फक्त अल्लाहची, ही मर्यादा त्या क्रमातच आहे.

ही मर्यादा इ.स. 632 मध्ये कसोटीला लागली. प्रेषितांच्या निधनाची बातमी हजरत उमर यांना मानवेना. तेव्हा हजरत अबू बक्र यांनी लोकांना समजावले, की प्रेषितांची उपासना करणाऱ्यांनी ते गेले हे जाणावे. अल्लाहची उपासना करणाऱ्यांचा अल्लाह मात्र सदैव आहे.

प्रेम तरीही वाट शोधतेच. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील खुलताबादच्या दर्ग्यांत प्रेषितांचा मानला जाणारा पोशाख आणि केस शतकानुशतके जपले आहेत. ईद-ए-मिलादला त्यांच्या जियारतीसाठी दूरदूरचे भाविक येतात. मिलाद साजरा करण्याच्या पद्धतींवर उलमांमध्ये मतभेद आहेत. काही जण मिरवणुकीत सामील होतात, काही सीरत वाचून प्रेषितांना आठवतात. प्रेषितांचे अनुकरण हाच खरा आदर, यावर मात्र दोघांचे एकमत आहे.

मग ते अनुकरण कसले? प्रेषित स्वतःच्या चपला सांधत, घरकामात हात लावत, असे हजरत आयेशा यांनी सांगितले आहे. हजरत अनस यांनी दहा वर्षे त्यांची सेवा केली, पण एकदाही त्रासिक शब्द ऐकला नाही. मजुराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी द्या, अशी प्रेषितांची शिकवण हदीसमध्ये आली आहे. पूर्ण काम करून घेऊन मोबदला न देणाऱ्याविरुद्ध कयामतच्या दिवशी स्वतः अल्लाह उभा राहील, असेही त्यांनी बजावले आहे.

मानकोलीसारख्या ठिकाणी ही शिकवण पुस्तकात राहत नाही. ज्याच्या पाठीवर दिवसभर ओझे असते, त्याला ईदपूर्वी घरी पैसे पाठवायचे असतात. मुलांचे कपडे, शीरखुर्म्याचे सामान सारे त्या मजुरीवर अवलंबून असते. मालक किंवा ठेकेदार दरूद पढत असेल आणि हिशेब मात्र ईदनंतर करू म्हणत असेल, तर त्याचा आदर ओठांपर्यंतच पोहोचला, हातापर्यंत नाही.

रमजानमध्ये प्रेषितांचे औदार्य वाहत्या वाऱ्यासारखे होई, असे त्यांचे सहकारी सांगत. त्यांच्यावर दरूद पाठवणाऱ्याने निदान दुसऱ्याच्या हक्काचे पैसे तरी अडवू नयेत. दरूदचा आवाज गोदामाच्या हिशेबवहीपर्यंत पोहोचला, तर मजुराच्या घरीही ईद वेळेवर येईल.